जास्तीची कुंडी

१

सकाळी काचघरात असताना आक्काला कुणी हाक मारली तर ती ओ द्यायची नाही. सकाळ कुंड्यांची. माणसांनी आपलं नंतर काय ते बोलावं.

वनस्पती बागेत ती कामाला लागली तेव्हा तिच्या वेणीत पांढरा केस शोधून सापडत नव्हता. आता काळा सापडत नाही. पण वेणी अजून कमरेखाली होती, आणि तिचा आक्काला तोरा होता. टोकाला लाल दोऱ्याची गाठ मारून ती वेणी पाठीवर टाकायची, डाव्या हातात झारी घ्यायची, उजव्या हातात रिळाची काठी, की निघाली. ही काठी म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, वेताची छडी आणि तिच्या टोकावर ठोकून बसवलेलं दोऱ्याचं रिकामं लाकडी रीळ. मातीच्या कुंडीच्या पोटावर ते रीळ आपटलं की कुंडी बोलते. आत कोरडी असली तर म्हणते ठण्ण. ओल असली तर थप्प. मातीत बोट खुपसायला नको की पानांची तोंडं बघत बसायला नको.

आक्काला हे काम ज्या म्हाताऱ्या माळ्याने शिकवलं त्याचा एकच दंडक होता. ठण्ण ऐकलं की पाणी. कालच तर दिलं होतं, ही का मागतेय, असला विचार करायचा नाही. जो मागेल त्याला द्यायचं आणि पुढे सरकायचं. इतकी वर्षं तेच केल्यावर दंडक डोक्यात राहत नाही, हातात उतरतो. कान ऐकायचा, हात झारी वाकवायचा, आक्का मधे नसायचीच.

डाव्या गुडघ्यात कळ यायची, म्हणून तिचे ठोके मात्र लंगडे पडायचे. दोन ठोके, जरा दम, मग एक ठोका. बागेतल्या कुणालाही डोळे मिटून सांगता यायचं, ही आक्का चालली.

तर त्या सकाळी ती धुक्याच्या खोलीत होती. काचघराच्या शेवटी ही लहान खोली आहे, छताच्या नळीतून तिथे थोड्या थोड्या वेळाने बारीक फवारा पडतो आणि नवी कलमं त्या दमट हवेत मूळ धरतात. आक्का मांडणीच्या कडेने ठोकत गेली. शेवटची कुंडी थप्प म्हणाली. आणि तिच्या पुढून, जिथे मांडणीच्या नुसत्या लाकडी पट्ट्या होत्या, तिथून आवाज आला. ठण्ण.

हाताने पाणी घातलं.

घातल्यावर मग आक्काच्या लक्षात आलं की तिथे कुंडीच नाही. तिला हसू फुटलं. "म्हातारे, आता हवेला पाणी पाजायला लागलीस का?" असं ती स्वतःलाच म्हणाली. रीळ हललं असेल, पट्टीवर लागलं असेल, झालं.

बाहेर पडून तिने दाराला कुलूप घातलं आणि तिथेच थबकली. त्या कोपऱ्यात पट्ट्यांच्या खाली पत्र्याची बादली ठेवलेली असते, ठिबकणारं पाणी धरायला. तिने तेवढं पाणी ओतलं, आणि बादली वाजली कशी नाही? ती परत आत गेली, वाकली, बादलीत हात फिरवला. तळ कोरडा ठणठणीत होता.

"गेलं असेल कुठेतरी," आक्का म्हणाली आणि चहा प्यायला गेली.

२

धुक्याच्या खोलीत त्या दिवसांत सगळ्या बागेचा जीव अडकला होता, तो एका कलमात.

बागेत एक झाड होतं. त्याचं शास्त्रातलं नाव लांबलचक, पण सगळे त्याला एकांडा म्हणायचे. ज्या रानातून त्याचं रोप आणलं ते रान धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि त्याच्या जातीचं दुसरं झाड जगात कुठे उरलं नाही. गेल्या उन्हाळ्यात बुरशीने त्याचं खोड आतून पोखरलं. ते पडायच्या आत आक्काने त्याचे शेंडे कापून छाट कलमं लावली. काही सडली, काही वाळली. आक्काची सून बागेच्या प्रयोगशाळेत होती, तिने काचेच्या बाटल्यांत त्याच्या पेशी वाढवून बघितल्या, त्याही काळ्या पडल्या. उरलं हे एक कलम. हिरवं होतं, पण मूळ धरत नव्हतं. आणि मूळ नाही तर हिरवेपणाला काय अर्थ, फुलदाणीतली फांदीही चार दिवस हिरवीच असते.

वर आक्काची निवृत्ती तोंडावर आली होती. तिने बागेच्या प्रमुखांना, म्हणजे मोठ्या बाईंना, शब्द दिला होता की एकांड्याला मूळ फुटल्याशिवाय काठी खाली ठेवणार नाही. काठी पुढे सुनेच्या हातात जायची होती. सून हुशार होती, पण तिचा कान अजून तयार व्हायचा होता.

त्या आठवड्यात मोठ्या बाई कलम बघायला आल्या. तिघी जणी त्या एवढ्याशा खोलीत दाटीवाटीने उभ्या. फवारा पडून गेला होता, काचांवरून पाणी ओघळत होतं.

"आक्का, तुम्ही गेल्यावर आमचं काय होणार हो?" मोठ्या बाई म्हणाल्या. "खरं तर तुमचंच एक छाट कलम करून ठेवायला हवं. बागेला दुसरी आक्का मिळेल."

"नको हो बाई!" सून म्हणाली. ती घरी आक्काला आई म्हणायची आणि बागेत सगळ्यांसारखी आक्का. "एक सांभाळताना नाकी नऊ येतात. दोन झाल्या तर मी माहेरी जाऊन बसेन."

"बस की. तिथे तुला कोण स्वयंपाक करून घालतंय ते बघते मी," आक्का म्हणाली. मग तिने वेणी पुढे ओढून टोक हलवून दाखवलं. "आणि कलमच करायचं तर नीट करा. शेंड्याचं घ्या. गाठीच्या बरोब्बर खाली, तिरका काप, एका झटक्यात. घासत बसाल तर सडेल."

तिघी हसल्या. हसू ओसरल्यावर कोपऱ्यातून हलकेच वाजलं. थप्प.

"फवारा," सून म्हणाली.

"फवारा," आक्काही म्हणाली.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी धुक्याच्या खोलीतली प्रत्येक कुंडी थप्प म्हणाली.

आक्का आधी खूश झाली, मग तिचं डोकं तापलं. कुणीतरी आधीच पाणी घातलं होतं. कलमांना जास्त पाणी म्हणजे सड. तिने एकेका कुंडीत बोट घालून पाहिलं. जास्त नव्हतं, कमीही नव्हतं. तिने स्वतः घातलं असतं तेवढंच होतं, आणि हेच तिला खटकलं.

"माझ्या कुंड्यांना कोण हात लावतंय?" चहाच्या वेळी तिने सुनेला धरलं.

"मी लावेन? मला अजून जगायचंय."

फाटकावरचा पहारेकरी, ज्याला सगळे डुलकीमामा म्हणायचे, त्यालाही तिने विचारलं. तो म्हणाला, "आक्का, घरी बायको पाठीशी लागते तरी मी झाडाला पाणी घालत नाही. इथे फुकट घालीन?"

ते खरंच होतं. शिवाय त्या खोलीची किल्ली आक्काच्या कमरेला असायची. मग तिने ठरवून टाकलं, फवाऱ्याची तोटी गळत असणार. तोटी उघडून साफ केली, परत बसवली. तोटी अगदी ठणठणीत होती, पण काहीतरी दुरुस्त केल्याचं समाधान मिळालं.

दोन-तीन सकाळी असंच चाललं. मग एकदा सासू-सून शेजारच्या शेडमध्ये कुंड्यांसाठी वाळू आणि खत कालवत होत्या. आक्का कोपरापर्यंत मातीत होती. तेवढ्यात भिंतीपलीकडे ठोके सुरू झाले. मांडणीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, कुंडीमागून कुंडी.

सून मान वर न करता म्हणाली, "आक्का, तेवढी एकांड्याची कुंडी जरा जपून ठोका, तिच्या..."

आणि तिने मान वर केली. आक्का तिच्या समोरच बसली होती.

"मग आत कोण आहे?"

आक्काने भिंतीला टेकवून ठेवलेल्या काठीकडे बोट दाखवलं. काठी जागेवर होती. पलीकडे ठोके चालूच होते.

"नळ असतील," सून म्हणाली. ती शिकलेली होती आणि शिकलेल्या माणसाने म्हणावं तेच म्हणत होती. "मांडणीखालून गरम पाण्याचे नळ गेलेत. लोखंड तापलं की ठोके देतं."

"असेल," आक्का म्हणाली. "पण मला सांग, नळाचा गुडघा दुखतो का गं?"

दोघींनी कान दिला. दोन ठोके. दम. मग एक ठोका.

आक्काने हात पुसले, काठी उचलली आणि कमरेची किल्ली काढत सरळ चालत गेली. घाबरायचं तिला सुचलंच नाही, हे तिने नंतर स्वतःच सांगितलं. आपल्या काचघरात कुणी घुसलाय याचाच राग मोठा होता. कुलूप उघडलं. आत नुसतं धुकं. मांडणी, कुंड्या, काचांवरचं पाणी. सगळी पानं स्थिर होती, फक्त टोकाच्या कुंडीतलं एक पान हलत होतं, जवळून कुणी नुकतंच वळून गेल्यासारखं.

तिने एकांड्याची कुंडी उचलून डोक्याच्या वर धरली. तळाच्या भोकातून एक पांढरं टोक बाहेर डोकावत होतं. तांदळाच्या दाण्याएवढं. मूळ.

"आई, रडताय?" दारातून सून म्हणाली.

"धुकं गेलंय डोळ्यात."

सून जवळ आली, तिने भिंग लावून मूळ पाहिलं. मग म्हणाली, "पण ते ठोके?"

"जे कोण असेल त्याचा हात चांगला आहे," आक्का म्हणाली. "मला जमलं नाही ते त्याने करून दाखवलं. आपल्याला कलमाशी मतलब."

आणि त्या संध्याकाळी घरी निघताना तिने मांडणीच्या टोकाला, त्या मोकळ्या पट्ट्यांवर, काठोकाठ भरलेली झारी ठेवली. सकाळी झारी रिकामी होती. रोज भरायची, रोज रिकामी व्हायची. एकांड्याला नवं पान फुटलं. आक्काला वाटलं, झकास गडी मिळाला. पगार नको, रजा नको, उलट उत्तर नको.

माळी पाणी घालतो. पण पाणी घालून माळ्याचं काम संपत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी ती गोष्ट तेव्हा तिच्या मनात आली नाही.

४

सुट्टीचा दिवस होता. जेवून आक्का खिडकीजवळच्या खाटेवर आडवी झाली. घसा सुकला होता, उठून पाणी प्यावं असं मनात आलं, पण अंग जड झालं होतं आणि तिला झोप लागली.

झोपेत कुणीतरी तिला ठोकत होतं.

जोरात नाही. रीळ जेवढ्या जोराने मारतात तेवढंच. आधी नडगीवर, मग गुडघ्यावर, दुखऱ्या गुडघ्याला वळसा घालून मांडीवर. दोन ठोके, दम, एक ठोका. वर येत येत ते छातीच्या मधोमध थांबलं आणि तिथे एकदाच वाजलं. आणि आक्काने तो आवाज बाहेरून नाही, आतून ऐकला. ठण्ण.

जागी झाली तेव्हा ऊन खिडकीतून गादीवर आलं होतं. खोलीत कुणी नव्हतं. स्वयंपाकघरात सून भांडी लावत होती. आक्काने पाय खाली सोडले आणि तिचे तळवे फरशीवर चपचप वाजले. दोन्ही तळवे ओले होते. गादीची पायाकडची बाजू भिजली होती, डोक्याकडची कोरडी. आणि झोपताना घसा नुसता कोरडा पडला होता, आता तहान म्हणून नव्हती. पोटभर पाणी प्यायल्यासारखं गार, तृप्त वाटत होतं.

ती बसून राहिली. उतारवयात असं होतं म्हणावं तर कपडे कोरडे. छत गळतं म्हणावं तर वर निळं आभाळ. एकेक कारण तिने हातात घेतलं, ठोकून पाहिलं आणि बाजूला ठेवलं.

"आई, वेणी कधी कापलीत?" सून दारात उभी होती.

आक्काने वेणी पुढे ओढली. लाल दोऱ्याची गाठ होती, पण गाठीखालचा झुपका नव्हता. सुनेने टोक हातात घेऊन उजेडात धरलं. "कात्री नाही ही. कात्रीने केस चावल्यासारखे दिसतात. हा चाकू आहे, एकाच झटक्यात फिरलेला. आणि तिरका."

"मीच कापली. फाटे फुटले होते," आक्का म्हणाली.

सुनेने तिच्याकडे पाहिलं. मग पायांकडे. मग ओल्या गादीकडे.

५

दुसऱ्या दिवशी आक्का सगळ्यांच्या आधी बागेत पोचली. तिने झारी घेतली नाही, काठी घेतली.

धुक्याच्या खोलीत मांडणीच्या टोकाला, जिथे रोज रिकामी झारी असायची, तिथे एक कुंडी होती. बागेतल्याच कुंड्यांसारखी, जुन्या मातीची, कडेला शेवाळ धरलेलं. तोंडावर काचेची घंटी उपडी घातलेली, नाजूक कलमांवर घालतात तशी. काच आतून धुरकटली होती. आत काहीतरी उभं होतं, बोटभर, फिकट. काचेवरचा एक थेंब ओघळला आणि त्याच्या वाटेतून आक्काला पांढऱ्या केसांचा झुपका दिसला. वाळूत नीट सरळ रोवलेला. भोवतीची वाळू अंगठ्याने दाबून बसवलेली, आक्का दाबायची तशी, एका बाजूला किंचित जास्त.

केसांच्या बुडाशी वाळू फुगून आली होती.

तिने कुंडी उचलून वर धरली. तळाच्या भोकातून एक पांढरं टोक बाहेर डोकावत होतं. आक्काने त्याला बोट लावलं.

ते कोमट होतं.

उभ्या आयुष्यात तिने किती मुळं हाताळली असतील. बारीक, जाड, गाठीची, तंतूंची. मुळाला ऊब नसते.

तिने कुंडी पोटाशी धरली आणि बाहेर पडली. मागच्या बाजूला खताचा खड्डा आहे, मेलेली कलमं तिथे जातात. जाताना तिला वाटलं होतं, दोन मिनिटांचं काम, फेकली की संपलं. पण काचघराच्या बाहेर पाऊल पडताच तिच्या अंगावर काटा आला. चांगलं कोवळं ऊन पडलं होतं आणि ती कुडकुडत होती. खड्ड्याशी पोचेपर्यंत जीभ टाळूला चिकटली. ओठ तडकले. तरी तिने कुंडी दोन्ही हातांनी वर उचलली.

तेव्हा मागून आवाज आला. धुक्याच्या खोलीतून, ठोका. ठण्ण.

तिने मान वळवली नाही. तो कुठल्या कुंडीचा आवाज आहे हे तिला न बघता कळलं. एकांड्याची. ती कुंडी एवढी कोरडी आजपर्यंत कधी वाजली नव्हती. मघाशी खोलीत तिची माती ओली दिसली होती. कुणी एका घोटात सगळी ओल ओढून घ्यावी तशी ती आता रिकामी वाजत होती. ठण्ण. दम नाही, लंगडणं नाही. ठण्ण, ठण्ण, ठण्ण. एवढ्याशा मुळाला हे किती सोसणार? जगात दुसरं झाड नाही. तिने शब्द दिला होता.

कुंडी तिच्या डोक्यावर होती. सोडली की फुटली.

आक्काने हात खाली घेतले.

ती वळली तसे ठोके मंदावले. काचघराच्या दारात येईपर्यंत दोन ठोक्यांनंतर पुन्हा दम पडू लागला, लंगडेपणा आला. ती धुक्याच्या खोलीत शिरली तेव्हा सगळं शांत होतं. एकांड्याचं नवं पान मान टाकून लोंबत होतं. तिने ती जास्तीची कुंडी परत पट्ट्यांवर ठेवली, घंटी नीट बसवली. मग नळावरून झारी भरून आणली आणि आधी एकांड्याला पाणी दिलं. त्याच्या पानाकडे बघत उभी राहिली, ते उचललं जाईपर्यंत.

मग तिने काठी घेतली. जास्तीच्या कुंडीच्या पोटावर रीळ आपटलं.

ठण्ण.

कानाने ऐकलं, हात वाकला. या वेळी मात्र आक्का मधे होती. तिने पाहिलं की वाळू पाणी कसं पिते. घाईने, बाळासारखं. आणि तिचा स्वतःचा घसा ओला झाला, तडकलेले ओठ मऊ पडले.

"आक्का?" सून आत आली होती. तिची नजर एकांड्याच्या हिरव्या पानावरून मांडणीच्या टोकाकडे गेली. "ही कुठली कुंडी? परवा नव्हती."

"नवी आहे."

"काय लावलंय?"

आक्काने काठी तिच्या हातात दिली. द्यायची तर होतीच, आज काय, उद्या काय. सुनेची बोटं त्या गुळगुळीत वेतावर नीट बसवून दिली.

"रोज ठोकायचं," ती म्हणाली. "मागेल तेव्हा पाणी द्यायचं. एकांड्याला आधी, हिला नंतर, पण दोघांना. चुकवायचं नाही. आणि घंटी काढायची नाही."

"पण आहे काय त्यात? कसली जात?"

घंटीच्या आत, धुरकट काचेमागे, काहीतरी त्यांच्या बोलण्याच्या दिशेने किंचित वळलं.

"जात चांगली आहे," आक्का म्हणाली आणि दाराकडे गेली. "दार ओढून घे बाई. वारा लागेल. अजून कोवळं आहे."